गावठाणातलं शनिवारचं केंद्र: दीड वर्ष जाऊन लिहितेय

चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी दिव्यांग मुलांसाठी एक केंद्र भरतं, मी माझ्या मुलाला तिथे नेते. आधी त्या प्रश्नाचं उत्तर देते, जो आमच्या चाळीत मला प्रत्येकीने विचारला. "तिथे धर्म बदलायला लावतात का गं?" नाही लावत. दीड वर्ष झालं, दर शनिवारी जातेय. कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र, जशी आहे तशीच जाते. आजवर कोणी एका शब्दाने काही म्हटलेलं नाही. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं प्रार्थना होते, मग गिटारवर एक गाणं. ज्यांना बसायचं नाही ते अंगणात थांबतात. एक मुसलमान ताई मुलीला घेऊन येतात, त्या बाहेरच थांबतात, आणि त्यांना कोणी आत बोलवायला जात नाही. मी बसते. बाबूला गिटार आवडते.

बाबू माझा मुलगा, १८ पूर्ण झालेला. सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, बोलता येत नाही, कळतं मात्र सगळं. आम्ही असल्फाच्या टेकडीवर राहतो. दारापासून खालच्या गल्लीपर्यंत ४१ पायऱ्या. त्याचे बाबा आणि शेजारचा मुलगा त्याला उचलून खाली आणतात, मागून मी खुर्ची आणते. मग मेट्रो, तिला लिफ्ट आहे म्हणून बरं. एवढं करून जायचं तर तिथे तसंच काहीतरी मिळायला हवं, नाहीतर माणूस दोन शनिवार जातो आणि तिसऱ्याला घरी बसतो. आधी दोन ठिकाणी माझं तसंच झालं होतं.

केंद्र अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या गावठाणात आहे, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. नाव लिहीत नाही, कारण वीस-बावीस मुलांच्या वर तिथे जागा नाही आणि जाहीर करू नका असं त्यांनीच सांगितलंय. तुमच्या भागातल्या चर्चमध्ये जाऊन विचारा. बऱ्याच चर्चमध्ये सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी असतात. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजमधल्या मित्रांनी ही संस्था काढली होती. गरिबाच्या घरी स्वतः जाऊन भेटायचं, हे त्यांचं मूळ काम. कुठे काय चालतं ते त्यांना ठाऊक असतं. मलाही त्यांच्यातल्याच एका काकांनी हा पत्ता दिला. ते आमच्या चाळीत दुसऱ्याच कोणाकडे रेशन घेऊन आले होते, दारात बाबू दिसला आणि थांबले.

वेळ दुपारी तीन ते सहा. पैसे घेत नाहीत. पेटीही समोर ठेवलेली नाही.

सेवा करणारे बहुतेक गावठाणातलेच, ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती. घरात मराठीच बोलतात, त्यामुळे मला भाषेची अडचण कधी आली नाही. थोडे मंगलोरी, थोडे गोव्याचे, दोन मल्याळी नर्सबाई, बाकी कॉलेजची मुलं. सगळ्यांवर लक्ष असतं ते आन्टींचं. वय सत्तरच्या पुढे, सुती फ्रॉक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांचा धाकटा भाऊ बाबूसारखाच होता, तो गेला. त्याचं सगळं त्यांनीच केलं होतं.

पहिल्या दिवशीचं सांगते. चार वाजता खाणं आलं, उपमा होता. मी सवयीप्रमाणे बाबूची मान मागे टेकवली आणि चमच्याने वरून घास घालायला लागले. सोळा-सतरा वर्षं असंच भरवत आले, कारण मान पुढे असली की अर्धं बाहेर सांडतं. आन्टी आल्या. मला वाटलं मला काही सांगतील. त्या त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला, आणि त्याला म्हणाल्या, "बाबू, मी भरवू का तुला?" आणि थांबल्या. बाबूचं "हो" म्हणजे नजर वर करणं, आणि ते यायला वेळ लागतो. पंधरा-वीस सेकंद तरी गेली असतील. एरवी इतका वेळ कोणी थांबत नाही. डॉक्टर थांबत नाहीत, नातेवाईक थांबत नाहीत, खरं सांगायचं तर कामाच्या गडबडीत मीही थांबत नाही. बाबूने नजर वर केली.

मग त्यांनी काय केलं ते नीट लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी त्याला खुर्चीत सरळ बसवलं, कंबर पार मागे. पाय लोंबत होते, त्याखाली लाकडी पाट दिला. हनुवटी किंचित खाली. चमचा छोटा आणि पसरट, त्यात अर्धाच घास. चमचा समोरून, खालच्या बाजूने ओठापाशी आणायचा, वरून नाही. तो ओठ मिटेपर्यंत थांबायचं. गिळलेलं गळ्यावर दिसतं, ते दिसल्याशिवाय दुसरा घास नाही. मान मागे गेली की श्वासाची वाट मोकळी होते आणि अन्न तिकडे उतरायची भीती असते, हे त्यांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. बाबूला दर पावसाळ्यात छातीत कफ व्हायचा, दोनदा ॲडमिट केलं होतं, आणि प्रत्येक वेळी मी टेकडीवरच्या ओलीला दोष द्यायचे. ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. आन्टी म्हणाल्या, "मी पण भावाला बारा वर्षं तसंच भरवलं. मग एका नर्सने मला शिकवलं." त्यानंतर पाण्याच्या बाटलीला कुठली स्ट्रॉ बरी पडते त्यावर आम्ही बोलत बसलो. बशीभर उपम्याला पाऊण तास लागला, पण सांडला अगदी थोडा.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी बाबूसाठी चित्रांचा तक्ता केला. जाड पुठ्ठा, वर प्लास्टिक, बारा चौकोन: पाणी, भूक, शी-सू, दुखतंय, गाणं, बाहेर, थांब, आई, बाबा, ताई, हो, नाही. त्याचा उजवा हात थोडा चालतो, मूठ त्या चौकोनावर नेऊन ठेवतो. एका शनिवारी मी बाजूला बसले होते, अधूनमधून त्याची लाळ पुसत होते. त्याने मूठ आधी "आई"वर ठेवली. मी म्हटलं, "काय रे राजा?" मग बऱ्याच वेळाने "बाहेर"वर. मला वाटलं बाहेर न्यायला सांगतोय, म्हणून ब्रेक काढायला वाकले, तर त्याने मूठ "नाही"वर आपटली. गिटारवाला मुलगा हळूच म्हणाला, "काकी, मला वाटतं तो तुम्हाला बाहेर जायला सांगतोय." बाबूने नजर वर केली. अठरा वर्षांचा मुलगा, बरोबरीची पोरं भोवती, आई सारखी तोंड पुसतेय. मी उठून अंगणातल्या क्रुसाजवळच्या बाकावर जाऊन बसले. मल्याळी नर्सबाईंनी चहा आणून दिला, तो मी गरम असतानाच प्यायले. आतून हसण्याचा आवाज येत होता. त्यात बाबूचं हसणं वेगळं कळतं, त्याला उचकीसारखा सूर आहे.

तेव्हापासून मी पहिली पंधरा मिनिटं आत असते, मग बाहेर. बाकीच्या आयाही तिथेच असतात. कोणती फिजिओ बरी, कोणाकडे जुनी खुर्ची पडून आहे, सगळं त्या बाकावर कळतं.

धाकटीसाठी मला वेगळं लिहायचंय. ती दहा वर्षांची. या मुलांच्या भावंडांचा तिथे वेगळा गट असतो, कॅरम, चित्रं, कधी नुसत्या गप्पा. घरी सगळं बाबूभोवती चालतं आणि ती समजूतदारपणे बाजूला राहते, ते मला दिसत होतं, पण करणार काय. पहिल्या दिवशी परत येताना मेट्रोत म्हणाली, "आई, त्या मुलीचा दादा पण रात्री ओरडतो. ती पण उशी कानावर घेते." तेवढंच म्हणाली आणि खिडकीतून बघत बसली.

कागदपत्रांसाठी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दुसऱ्या शनिवारी टेबल मांडून बसतात. आईबापांनी हे वाचाच. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान. मग त्याच्या वतीने आईने केलेली सही चालेलच असं नाही. आमचं बाबूच्या खात्यावरून एका बँकेत अडलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी "त्यालाच सही करायला सांगा" म्हणून परत पाठवलं होतं, तेही बाबू शेजारी खुर्चीत असताना. या काकांनी सांगितलं की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा दाखला मिळतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे, आणि तो देणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. अर्ज त्यांनी बसून भरून दिला, कलेक्टर ऑफिसला एकदा बरोबरही आले. त्याच न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्याचंही त्यांनीच केलं. त्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात येते, आणि आधी तपासणी करावी लागत नाही. इतकी वर्षं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आता जे पटलं नाही ते. एक, संडासाचं दार. मी टेपने मोजलं, २७ इंच. बाबूची खुर्ची २५ इंच, म्हणजे चाकावर हात असला तर बोटं चेंगरतात. आत वळायला जागा नाही, त्यामुळे मोठ्या मुलांना दोघांनी उचलून न्यावं लागतं. हॉलचा रॅम्प मात्र छान आहे, लांब आणि हलक्या चढाचा, खुर्ची एकटीने चढवता येते. तसंच दारही करून घ्यायला हवं. सांगितलंय, पैसे जमवतोय म्हणतात. वर्ष होत आलं.

दोन, कॉलेजची मुलं दरवर्षी बदलतात. जूनमध्ये नवी येतात, त्यांना काही माहीत नसतं. एकाने बाबूशी तान्ह्या बाळाशी बोलतात तसं बोबडं बोलायला सुरुवात केली आणि बाबूने तोंड फिरवलं. आन्टींनी त्या मुलाला नंतर समजावलं, पण नव्यांना हे आत यायच्या आधी शिकवलं पाहिजे. आणि जी मुलं जातात, त्यांची आमच्या मुलांना सवय झालेली असते. लाल टोपीवाला एक मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तर बाबू दोन शनिवार दाराकडे बघत होता.

तीन, गेल्या नाताळच्या आधी बाहेरची एक मंडळी भेटवस्तू वाटायला आली. मुलांना रांगेत लावलं, हातात पिशव्या दिल्या आणि फोटो काढायला लागले. एकाने बाबूची मान हाताने सरळ केली, फोटोत नीट दिसावी म्हणून. मी तिथल्या तिथे बोलले. आवाज चढला माझा, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. इथे केंद्राचं कौतुक हे, की कोणी मला "जाऊ द्या ना ताई" म्हटलं नाही. पुढच्या शनिवारी दारावर मराठीत आणि इंग्रजीत पाटी होती: मुलाला आणि पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढू नये. मुलाला, हे आधी लिहिलेलं होतं.

त्याच नाताळची दुसरी आठवण चांगली आहे. कलकल, म्हणजे नाताळचा एक गोड पदार्थ, तो करायला बसवलं सगळ्यांना. पिठाची सुपारीएवढी गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळायची, शंखासारखी होते, मग तळून साखरेच्या पाकात. बाबूची मूठ उघडत नाही, म्हणून आन्टींनी कंगवा टेबलाला चिकटपट्टीने लावला आणि गोळी वर ठेवली. दाबायचं काम त्याचं, गुंडाळायचं धाकटीचं. सव्वीस झाल्या. त्या वेगळ्या डब्यात घालून घरी दिल्या. त्याच्या बाबांनी त्यातल्या दोन दिवाणावरच्या फळीवर ठेवल्या आहेत.

मी एकदा आन्टींना सरळ विचारलं, आमच्यातल्या कोणाला तुम्ही ख्रिस्ती करत नाही, मग हे सगळं कशासाठी? त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "येशूने सांगितलंय, भुकेल्याला जेवायला द्या, आजाऱ्याला भेटायला जा. पुढे काय करा ते मला वाचता येत नाही, चष्मा जुना आहे." आणि मटार सोलत राहिल्या. त्यांच्याकडूनच कळलं की दादरची मुलींची अंधशाळा १९०० साली ॲना मिलार्ड नावाच्या मिशनरी बाईंनी सुरू केली होती, अमेरिकन मराठी मिशनच्या. माझं माहेर दादरचं. लहानपणी कितीदा त्या बाजूने गेलेय मी.

जायचं असेल तर आधी एकदा मुलाशिवाय जाऊन भेटा. मूल काय खातं, कसं गिळतं, फिट येते का, कशाला घाबरतं, हे एका कागदावर लिहून न्या, ते फाइलला लावतात. युडीआयडी कार्डाची (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स, जादा कपड्यांचा जोड, त्याचा नेहमीचा चमचा. खूप पाऊस झाला की गल्लीत पाणी भरतं आणि केंद्र बंद ठेवतात, सकाळी मेसेज येतो, तो बघूनच निघा. आणि रविवारी चौकशीला जाऊ नका, मिस्सा (चर्चमधली मोठी प्रार्थना) असतो, कोणाला बोलायला सवड नसते. शनिवारी अडीचला गेलात तर आन्टी हॉल उघडत असतात.