घरी येणारी नर्स आणि घरच्यांसाठी सपोर्ट: काही महिने वापरून झाल्यावर

आईला डिमेन्शिया आहे, मधे पडल्यापासून चालणंही कमी झालंय, म्हणून घरी येणाऱ्या नर्सची सर्व्हिस घेतली. पॅकेजमध्ये पेशंटसोबत घरच्यांसाठीही सोय होती: ट्रेनिंग, काउन्सेलरचे फोन आणि रेस्पाइट, म्हणजे आपल्याला मोकळं व्हायला मिळावं म्हणून दुसरं कोणीतरी येऊन पेशंटजवळ थांबणार. कंपनीचं नाव देत नाही, विचारू पण नका.

पहिल्याच व्हिजिटला आईचं बीपी वगैरे बघून झाल्यावर सिस्टरनी फॉर्म दिला तो माझ्यासाठी. झारिट स्केल म्हणतात त्याला, २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, म्हणजे जास्तीत जास्त ८८, आणि मार्क जितके जास्त तितका काळजी घेणाऱ्यावरचा भार जास्त. स्वतःसाठी वेळ उरतो का, पेशंटजवळ असताना राग येतो का, असले प्रश्न. घरात हे कोणी विचारत नाही हो, आणि विचारलंच तर आपण "नाही गं, बरं चाललंय" म्हणून मोकळे होतो. माझे मार्क बघून सिस्टर लेक्चर द्यायला बसल्या नाहीत, सरळ रेस्पाइटचे तास लावून दिले. मला तिथेच त्या आवडल्या.

ट्रेनिंग तर पैसा वसूल. बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी लावून ३० अंशांइतकंच कलतं ठेवायचं, टाचा गादीपासून अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी द्यायची, आणि वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, त्याऐवजी खालच्या चादरीसकट दोघांनी उचलायचं, हे हाताला धरून करून घेतलं. खुर्चीतून उठवताना आधी पाय मागे घ्यायला लावायचे आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे वाकायला सांगायचं, मग निम्मं वजन त्यांचं तेच उचलतात. माझी कंबर या एका गोष्टीने वाचली.

अजून एक. सिस्टरनी बजावून ठेवलं होतं की डिमेन्शिया हळूहळू वाढतो, पण एक-दोन दिवसांत माणूस एकदम भ्रमिष्टासारखं वागायला लागला किंवा नुसता गुंगीत पडून राहिला तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसायचं नाही, तो डिलिरियम असू शकतो, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवीन गोळी, काहीही कारण असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं. आमच्याकडे तसं झालं, इन्फेक्शनच निघालं, वेळेत औषध सुरू झालं.

आता वैताग. माणसं सारखी बदलतात. रेस्पाइटला नवीन ताई आली की आईला कशाची भीती वाटते, कुठल्या कानाने ऐकू येतं, हे पहिल्यापासून सांगा, त्यात माझा मोकळा वेळ निम्मा जातो, आणि अनोळखी चेहरा बघून आई संध्याकाळी जास्तच बेचैन होते (तशी संध्याकाळ अवघडच असते आमची). शेवटी सगळं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलंय.

काउन्सेलरचे फोन मला फारसे लागू पडले नाहीत. बाई गोड बोलतात, पण पेशंटने रात्रभर जागवलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्या सांगून काय होणार, त्याला झोप हवी असते. एक मात्र चांगलं केलं त्यांनी, भावाला कॉलवर घेतलं. तो लांब राहतो आणि फोनवरून नुसत्या सूचना करायचा. त्या मधे बसल्यामुळे भांडण झालं नाही आणि औषधं मागवणं, रिपोर्ट, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट हे सगळं त्याच्याकडे गेलं, ते तो लांबूनही नीट करतोय.

सर्व्हिस चालू ठेवतेय. काउन्सेलिंगचे फोन बंद करून त्याऐवजी रेस्पाइट वाढवून मागितलंय, तेही रात्रीचं. कोणी घेणार असाल तर रात्री माणूस मिळतो का आणि तोच माणूस पुन्हा येणार का, हे आधी लेखी घ्या.