जिम्नीला दोन इंच वर नेलं आणि परत खाली आणलं: पंधरा महिन्यांचा अनुभव

गाडीला दोन इंचांची लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉकअप, बसवली, आठ महिने वापरली आणि काढून टाकली. काढायलाही मजुरी लागते, हे बसवताना कोणी सांगत नाही.

गाडी मारुती जिम्नी, 2023 ची, मॅन्युअल. माझं काम ठिबक आणि सोलर पंप बसवून द्यायचं. घर अंबाजोगाईत, पण दिवस जातो केज, धारूर, परळीच्या शिवारात. रोजचे साठ-सत्तर किलोमीटर, त्यातले पन्नास डांबरी. उरलेले पाणंदीचे, बांधाच्या कडेचे, नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकोरीचे. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी आम्ही चौघं मित्र गाड्या घेऊन बालाघाटाच्या उतारावरच्या खडकाळ ओढ्यांत उतरतो, आणि वर्षातून एखाद-दोन वेळा कन्नडकडं, अंतूर किल्ल्याच्या कच्च्या वाटेला. म्हणजे सोमवार ते शनिवार पोटाची गाडी आणि रविवारी हौसेची, पण गाडी एकच. पेट्रोल पंपावर अजून कोणीतरी विचारतंच, "ही नवी जिप्सी का?" आता मी सरळ हो म्हणतो.

कंपनीतून येते तशी गाडी काही कमी नाही. 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, पुढं-मागं सलग ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकच अखंड आस), अवघड जागी ताकद वाढवणारा लो गिअर, वजन साधारण बाराशे किलो. माझ्या दोन तक्रारी होत्या. ओढ्यात काळे धोंडे डिफरेन्शियलच्या भोपळ्याला, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरच्या फुगीर डब्याला, लागायचे, आणि पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतायची. या दोन वेगळ्या दुखण्यांवर मी एकच औषध घेतलं. नोव्हेंबर 2024 मध्ये पुण्यातल्या एका दुकानात दोन इंच उंच स्प्रिंगा, लांब शॉकअप आणि 235/75 आर 15 चे दणकट मड टायर बसवून आलो. परत येताना मांजरसुंब्याला चहा प्यायला थांबलो तर पोरं गाडीभोवती जमली. ते सुख खरंच वेगळं असतं, नाकारत नाही.

हिशोब मात्र मी नंतर मांडला, आधी मांडायला हवा होता. स्प्रिंग बॉडीला वर उचलते, ॲक्सलला नाही. सलग ॲक्सलच्या गाडीत डिफरेन्शियल ॲक्सलवरच बसलेलं असतं, त्यामुळं ते जमिनीपासून किती उंच राहणार हे फक्त टायर ठरवतो. मूळचा 195/80 आर 15 टायर 693 मिलिमीटर व्यासाचा. 235/75 चा व्यास 733 च्या आसपास. फरक चाळीस, त्यातला निम्माच खाली मिळतो, म्हणजे वीस मिलिमीटर. हजारो रुपयांच्या स्प्रिंगांनी माझ्या भोपळ्याला एका मिलिमीटरचाही फायदा दिला नाही. फायदा झाला तो पोटाला, आणि चढाला भिडताना पुढच्या बंपरला. धोंडे लागायचे ते भोपळ्याला आणि मागच्या शॉकअपच्या खालच्या कानांना, आणि ते दोन्ही ॲक्सलवरच.

आता रोजच्या वापराचं. पहिल्याच आठवड्यात लातूरच्या रस्त्यावर कळलं की स्टिअरिंग हातात राहत नाही. वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ यायला पाहिजे, ते येईना. ट्रक बाजूनं गेला की गाडी भिरभिरायची. कारण नंतर समजलं. जिम्नीचा पुढचा ॲक्सल दोन लांब दांड्यांनी चेसीला धरलेला असतो. बॉडी वर गेली की दांडे तिरके होतात, ॲक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा तिरकेपणा, कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा पुढं झुकलेला असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. तो चिमटा उभा सरळ केला तर जे होईल तेच. यावर दांड्यांच्या टोकाला बसणारे वेगळे बुश मिळतात, कोन परत जागेवर आणणारे. दुकानदारानं ते घातलेही नव्हते आणि त्यांचा विषयही काढला नव्हता. फोन केला तर म्हणाला, "सवय होईल." ॲक्सलला आडवा धरणारा दांडाही तसाच ठेवलेला, त्यामुळं ॲक्सल एका बाजूला थोडा सरकलेला. मागून पाहिलं की एका बाजूचं चाक जास्त बाहेर दिसायचं. बुश मी नंतर स्वतः मागवून लातूरला बसवून घेतले, तेव्हा कुठं धारूरचा घाट न घाबरता उतरता आला. तरी वळणावर गाडी झुकायची ती झुकायचीच.

दिव्यांचा झोत वर गेला, समोरचे लोक शिव्या द्यायचे. तो खाली करून घेतला. चार महिने मला वाटत होतं की लोकच जास्त डिपर मारायला लागलेत.

1.5 लिटरचं इंजिन, टॉर्क 134 न्यूटन-मीटर. मोठा आणि जड टायर म्हणजे त्याच इंजिनावर जास्त ओझं. घाटात चौथ्याऐवजी तिसरा, पाचवा तर शोभेचाच. आधी लिटरला चौदा-साडेचौदा पडायचे, ते साडेअकरावर आले. स्पीडोमीटर आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही जवळपास सहा टक्के कमी दाखवायला लागले, म्हणजे हिशोबात थोडं ॲव्हरेज मला परत द्यायला पाहिजे; दिलं तरी दुखणं कमी होत नाही. स्टेपनी मागच्या दारावर लटकते, ती जड झाल्यावर दार बंद करायला दोन हात लागायला लागले. आणि आई. योगेश्वरीच्या देवळात न्यायचं तर तिला गाडीत चढायला प्लास्टिकचं स्टूल लागायचं. ते स्टूल आठ महिने डिकीत होतं. "एवढी उंच कशाला केलीस रे, कुठं हत्ती पकडायला जायचंय?" असं ती दर वेळी विचारायची.

एवढं सोसून काळ्या रानात तरी गाडी चालली का? तर ऐका. जून 2025, मृगाचा चांगला पाऊस होऊन दुसरा दिवस. केज तालुक्यात एका शेतकऱ्याचा पंप बंद पडला होता. रस्त्यापासून विहीर तीनशे मीटर. मी फोर लो टाकला, म्हणजे चारही चाकांना लो गिअरची ताकद दिली, आणि गाडी घातली. शंभर मीटरवर चारही चाकं लाडवासारखी गोल झाली. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, आणि चिकटते ती अशी की टायरच्या खाचाच भरून जातात. मग मड टायर काय आणि झिजलेला टायर काय, दोन्ही सारखेच गुळगुळीत. खाचा मोकळ्या करायला चाकाला वेग लागतो, वेग दिला की चाक खाली खणतं, आणि भारी जमिनीत खाली कठीण थर लवकर लागत नाही. गाडी पोटावर बसली. शेतकरी आबा बांधावर बसून तंबाखू मळत बघत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, ह्या काळीत आमचा ट्रॅक्टर बी दोन दिस थांबतो. वाफसा व्हऊ द्या की."

हे मला लहानपणापासून माहीत आहे. वडील अजून वाफसा आल्याशिवाय रानात पाय घालत नाहीत. गाडीवर दीड लाख घातले की आपल्याला वाफशाची गरज नाही, असं वाटायला लागतं, एवढंच.

गाडी बाहेर काढली ती ट्रॅक्टरनंच. लोखंडी साखळी, आणि घाईत ती अडकवली बंपरखालच्या एका पातळ पट्टीला. पट्टी वाकली. तुटली असती आणि तुकडा उडाला असता तर काय, हा विचार रात्री झोपताना आला. दुसऱ्या महिन्यात स्प्रिंगा उतरवल्या, मड टायर विकले, कंपनीच्या मूळ स्प्रिंगा परत चढवल्या आणि 215/75 आर 15 चे ऑल टेरेन टायर घेतले. व्यास मूळच्यापेक्षा जेमतेम दहा मिलिमीटर जास्त, लिफ्टशिवाय बसतात, कुठं घासत नाहीत. ॲव्हरेज साडेतेरावर परत आलं. स्टूल घरी गेलं.

त्यानंतर जे केलं ते सगळं मिळून लिफ्टच्या निम्म्या पैशात झालं, आणि उपयोग त्याचाच जास्त झाला.

पहिलं, हवा. साडेचार हजारांचा बॅटरीवर चालणारा कंप्रेसर आणि एक चांगला गेज. डांबरीवर 28 पीएसआय, दगडी ओढ्यात 18. हवा कमी केली की टायर दगडाला धरतो, त्याच्यावरून उड्या मारत नाही. याच्या खाली मी जात नाही, रिममधून टायर सुटायची भीती असते. काळ्या चिखलात हवा कमी करून थोडा फरक पडतो, चमत्कार होत नाही. धनेगावला मांजरा धरणाच्या कडेला मे महिन्यात पाणी हटल्यावर जो मऊ कोरडा गाळ राहतो, तिथं मात्र ही एकच गोष्ट कामाची. कंप्रेसर रोजच्या कामालाही येतो, कारण वेड्या बाभळीचे काटे. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना झुडपं तोडून तिथंच टाकलेली असतात. पंधरा महिन्यांत अकरा पंक्चर, त्यातले नऊ काट्यांचे. पंक्चरची वात घालायला आता माझा मदतनीसही शिकलाय.

दुसरं, चेसीला पक्के बोल्ट केलेले ओढायचे हूक, ताणणारा नायलॉनचा दोर आणि दोन मऊ शॅकल (दोर हुकाला जोडायची दोराचीच कडी). साखळी आता कोणी दिली तरी घेत नाही. दोर ताणला जातो, झटका हळूहळू देतो, आणि सुटला तरी लोखंडाचा गोळा काचेतून आत येत नाही.

तिसरं, ज्याबद्दल कोणी बोलत नाही: ॲक्सलच्या श्वासाची नळी. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सांगायला नको. वाहत्या पाण्यात मी गाडी घालत नाही, नळकांडी पुलावरून पाणी जात असेल तर मागं फिरतो, मग समोरून कोणी खुणावत असलं तरी. पण पाऊस थांबल्यावरचं साचलेलं गुडघाभर पाणी त्या महिन्यात बरंच ओलांडलं. दिवाळीआधी मागच्या डिफरेन्शियलचं ऑइल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सापडेल तिथून पाणी ओढते. ऑइल बदललं, आणि नळी वाढवून टेललाइटच्या मागं उंच नेली. खर्च ऑइलपेक्षा कमी. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

पोटाखाली ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला, जाड पत्रा लावला. वाजतो, अजून वाजतोय, बोल्ट तीनदा आवळले.

लिफ्टच्या बाजूनं एक खरं सांगायला पाहिजे. अंतूरच्या वाटेवर एक दगडी पायरीसारखा चढ लागतो. तिथं मी तीन रूपांत गेलो: मूळ, उंच केलेली आणि आताची. उंच केलेली सगळ्यात सहज गेली, पोट कुठं लागलं नाही. आताची दोनदा घासते, पत्र्यावर घेते, आणि मित्राला पुढं उभं करून चाक कुठं ठेवायचं ते विचारत जावं लागतं. ज्याच्याकडं रोजसाठी दुसरी गाडी आहे त्यानं लिफ्ट जरूर करावी, पण कॅस्टरचे बुश, आडवा दांडा आणि ब्रेकच्या नळ्या यांचा हिशोब आधीच मांडून. माझे असे दिवस वर्षात दहा. उरलेल्या साडेतीनशे दिवसांचं भाडं मी भरत होतो. आणि हो, तो परिसर गौताळा अभयारण्याला लागून आहे. आहे त्या वाटेनंच जायचं. झाडीत गाडी घालून व्हिडिओ काढणाऱ्यांबरोबर आम्ही जात नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. पुढच्या लोखंडी गार्डवर तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. धडकेत बंपरनं चेपायचं असतं, गार्ड ते होऊ देत नाही. लिफ्ट असताना विम्याचा दावा करायची वेळ आली नाही, हे माझं नशीब. आता दोर, कंप्रेसर, नळी यांवर कोणाचा आक्षेप यायचं कारण नाही.

काढलेल्या स्प्रिंगा शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. कोणाला हव्या असतील तर देऊन टाकतो, पण तीनच उरल्यात. चौथी वडिलांनी विहिरीच्या पाइपाखाली टेकू म्हणून लावलीय, आणि ती काढू देत नाहीत.