डबल झालेले आणि डिलीट करूनही परत येणारे नंबर: गूगल, फोनचं ॲप, आयफोन की कॉम्प्युटरवर बसून हाताने?

आधी आमच्या आप्पांचं सांगतो. आप्पा म्हणजे माझे चुलते, अमळनेर तालुक्यात शेती, अँड्रॉइड फोन, नंबर असतील जेमतेम तीनशे, आणि त्यात "जिभाऊ सुरत" चार वेळा. लावायला गेलं की कुठला लागतो आणि कुठला बंद आहे ते समजेना म्हणून आप्पांनी एका संध्याकाळी बसून त्यातला एक काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टायमाला बघतात तर चारच्या चार परत हजर. मला फोन, "अरे भो, मी तं कालदिन काढी टाकेल व्हतं, हाई परत कसं उनं?"

भूतबित काही नव्हतं. त्यांच्या गूगल खात्याचा पासवर्ड घरातल्याच कोणीतरी बदललेला, त्यामुळे सिंक, म्हणजे फोनमधली आणि गूगलकडची यादी आपोआप सारखी ठेवायचं काम, कितीतरी दिवस अडकून पडलेलं. आप्पांनी काढलेला नंबर फक्त फोनमधून गेला, गूगलकडची प्रत तशीच राहिली. रात्री नातवाला गेम टाकायचा होता, प्ले स्टोअर चालेना, म्हणून त्याने खातं काढून नवीन पासवर्डने परत टाकलं, आणि वरचे जुने नंबर सगळे खाली उतरले. नातू खूश, आप्पा हैराण.

म्हणून माझं म्हणणं असं की कुठलं ॲप चांगलं हा प्रश्न नंतरचा, आधी ठरवा तुमचा नंबर राहतो कुठे. फोनमध्ये जी यादी दिसते ना ती एक यादी नसतेच. सिममधले, फोनच्या मेमरीतले, गूगल खात्यातले, फोन कंपनीच्या क्लाउडमधले, आणि नोकरी करणारा असेल तर ऑफिसच्या मेलमधले, असे सगळे एकत्र करून दाखवतात. आप्पांचे चार जिभाऊ म्हणजे एक सिममध्ये, एक फोनमध्ये, आणि दोन दोन वेगवेगळ्या जीमेलमध्ये, कारण नवीन फोन घेतला तेव्हा जुना पासवर्ड आठवेना म्हणून दुकानातच नवीन जीमेल काढून दिलं होतं. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच झालेलं असतं. चार घरं असतील तर एका घरातून हाकललेला पाहुणा दुसऱ्या घरातून परत येणारच.

आता पर्याय बघू. मी स्वतः चोपड्यात कृषी केंद्र चालवतो, माझ्याकडे अडीच हजारच्या जवळपास नंबर आहेत, शेतकरी, डीलर, ट्रान्सपोर्ट, केळीवाले, त्यामुळे हे सगळे प्रकार करून झालेत आणि दोनदा तोंडावर पण पडलोय.

गूगल कॉन्टॅक्ट्स. अँड्रॉइडवाल्याने पहिल्यांदा इथेच यावं. बऱ्याच फोनवर हे ॲप आधीच असतं, नसेल तर टाकायचं. आत ऑर्गनाइझमध्ये "मर्ज अँड फिक्स" आहे, ते डबल नंबर शोधून समोर ठेवतं आणि तुम्ही हो म्हटलं की खरोखर दोनाचं एक करतं. कॉम्प्युटरवर कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडलं तर तेच जास्त आरामात होतं, मोठ्या स्क्रीनवर चुका दिसतात. एका खात्यात २५,००० नंबर मावतात, म्हणजे जागेची काळजी नाही. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट, चुकून काढलेला नंबर ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो. शिवाय "अनडू चेंजेस" म्हणून आहे, त्याने अख्खी यादी मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेला होती तशी करता येते, पण मधल्या काळात जे नवीन नंबर टाकले ते त्यात उडतात, म्हणून आधी एक्स्पोर्ट करून, म्हणजे यादीची फाइल काढून ठेवायची आणि मग मागे जायचं.

खोट काय? "मर्ज ऑल" हे बटण. नाव सारखं दिसलं तरी ते मर्ज सुचवतं, आणि खान्देशात नावाचं काय सांगावं, माझ्या फोनमध्ये नाना पाटील सहा आहेत! मी घाईघाईत मर्ज ऑल दाबलं आणि चोपड्याचे गिऱ्हाईक नाना पाटील आणि पारोळ्याचे नाना पाटील, म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे, एका कार्डात बसले. महिनाअखेरीला उधारीचा मेसेज पाठवला, "नाना, खताचे बाकी आहेत, दोन दिवसांत बघा". गेला बहिणीच्या सासऱ्यांना. नाना काही बोलले नाहीत, फक्त लागलीच पैसे पाठवले, आणि ते परत करता करता मला जो घाम फुटला तो मला माहीत. चूक माझीच, प्रत्येक जोडी बघून हो म्हणायला पाहिजे होतं. तेव्हापासून नावापुढे गाव टाकतो, नाना पाटील चोपडा, नाना पाटील पारोळा.

फोनचं स्वतःचं ॲप. सॅमसंगमध्ये कॉन्टॅक्ट्सच्या आत "मॅनेज कॉन्टॅक्ट्स" आणि त्यात "मर्ज कॉन्टॅक्ट्स" मिळतं, सारखा नंबर, सारखा ईमेल किंवा सारखं नाव असलेले दाखवतं. दिसायला झकास, दोन मिनिटांत यादी स्वच्छ. पण इथे एक गोम आहे आणि लोकं नेमकी तिथे फसतात. वेगवेगळ्या घरांतले नंबर असे जोडले की ते नुसते लिंक होतात, गोणीला गोणी बांधल्यासारखे. सिममधला सिममध्येच राहतो आणि गूगलमधला गूगलमध्येच, फक्त वर एक नाव दिसतं. उद्या फोन बदलला, गाठ सुटली, परत दोन. मग लोकं म्हणतात डबल परत आले, अरे ते गेलेच कुठे होते! तरी याला मी वाईट म्हणणार नाही. ज्याचे दोनशे नंबर आहेत, फोन दोन-चार वर्षं बदलायचा नाही, त्याला हे बास झालं. त्याच मॅनेज कॉन्टॅक्ट्समध्ये "मूव्ह कॉन्टॅक्ट्स" आहे, नंबर फोनमधून गूगल खात्यात हलवायचं, मर्जपेक्षा ते जास्त कामाचं. आणि "डिफॉल्ट स्टोरेज लोकेशन" तिथेच बदलून घ्या, नवीन नंबर कुठे सेव्ह होणार ते एकदाच ठरतं.

आयफोन. पुण्याहून पोरं सुट्टीला आली की हा प्रश्न येतो, कारण पोरांचा जुना आयफोन बापाकडे येतो आणि बापाचे सगळे नंबर जीमेलमध्ये. आयओएस १६ पासून, म्हणजे २०२२ पासून, कॉन्टॅक्ट्स ॲपमध्येच वर "डुप्लिकेट्स फाउंड" असं येतं, दाबायचं, बघायचं, मर्ज करायचं. अडचण एवढीच की आयक्लाउड (ॲपलचं स्वतःचं क्लाउड खातं) आणि जीमेल दोन्हींचे कॉन्टॅक्ट्स चालू राहिले की तेच नंबर दोन्हीकडे साठतात. सेटिंगमध्ये कॉन्टॅक्ट्सच्या खात्यांत जाऊन एक बंद करा आणि "डिफॉल्ट अकाउंट" दुसरं ठेवा. बाकी सगळं घर अँड्रॉइडवर असेल तर मी जीमेल चालू ठेवून आयक्लाउडचे कॉन्टॅक्ट्स बंद करायला सांगतो, पण बंद करण्याआधी आयक्लाउडमधले नंबर जीमेलमध्ये आलेत का ते तपासायचं, नाहीतर तेवढे फोनमधून दिसेनासे होतील. चुकून उडालेच तर आयक्लाउडच्या वेबसाइटवर जुनी यादी परत आणायची सोय आहे. अजून एक, आयफोन सिममधले नंबर आत घेतो पण सिमवर लिहीत नाही. वडिलांना "सिमवर सेव्ह कर" हे सांगायची सवय असेल तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर रोज वाद.

क्लीनर ॲप. प्ले स्टोअरवर ढिगाने आहेत, एक बटण दाबा सगळं साफ. मी एक वापरलं होतं, नाव घेत नाही, अर्ध्या वेळ जाहिराती आणि शेवटी जे केलं ते गूगलमध्ये फुकटात होतंच. शिवाय त्याला अख्ख्या यादीची परवानगी द्यावी लागते, म्हणजे माझ्या अडीच हजार गिऱ्हाइकांचे नंबर मी एका अनोळखी माणसाला उघडून दाखवणार, कशासाठी? याच्यावर जास्त लिहीत नाही, मला पटत नाही.

आता कॉम्प्युटरवर हाताने. हे दुकानदार, अडते, डॉक्टरांकडचे कंपाउंडर, बचत गटाच्या ताई, ज्यांच्याकडे हजाराच्या वर नंबर आहेत त्यांच्यासाठी. गूगल कॉन्टॅक्ट्समधून सीएसव्ही (रकान्यांत मांडलेली यादीची साधी फाइल) एक्स्पोर्ट करायची, एक्सेलसारख्या शीटमध्ये उघडायची, नंबरच्या कॉलमवर सॉर्ट मारायचा, की सारखे नंबर एकाखाली एक येतात आणि मग दिसतं की एकच माणूस "सुनिल", "सुनील", "सुनील ड्रिपवाला" आणि एकदा इंग्रजी स्पेलिंगमध्ये असा चार वेळा बसलाय. हे नावावरून जुळवणाऱ्याला कधीच सापडत नाही. फक्त नंबरसुद्धा एकसारखे लिहिलेले पाहिजेत, आणि इथे आपल्या भागाची खास भानगड आहे. आपले निम्मे सोयरे सुरतेला, आणि पूर्वी दुसऱ्या राज्यातल्या मोबाईलला फोन लावायचा तर पुढे शून्य लावावा लागायचा, त्यामुळे जुन्या लोकांचे सगळे सुरतवाले नंबर शून्याने सुरू होतात. मग २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाईल लावायला शून्य सक्तीचा झाला, दुकानातल्या लँडलाइनवाल्यांनी परत शून्य टाकले. आता तोच माणूस एकदा शून्याने, एकदा +९१ ने आणि एकदा नुसता दहा आकडी. सॉर्ट केल्यावर हे तिघं तीन टोकांना जाऊन बसतात. सगळ्यांना +९१ करून घ्या, मगच सॉर्ट. जळगावचे ०२५७, धुळ्याचे ०२५६२ वाले लँडलाइन मात्र सोडा, त्यांचा शून्य काढून +९१ लावला तर चालतो पण घाईत आकडे गळतात, आणि त्यातले बरेचसे तर आता बंदच आहेत.

दोन ठिकाणी सांभाळा. एक्सेलमध्ये सीएसव्ही सरळ डबल क्लिक करून उघडली तर मराठी नावांचा चुथडा होतो आणि +९१ वाला नंबर ९.१९ई+११ असा काहीतरी दिसायला लागतो, तसंच सेव्ह केलं की नंबर गेला कायमचा. म्हणून फाइल "इंपोर्ट" करून आणायची, यूटीएफ-८ (ज्यात मराठी अक्षरं नीट राहतात तो प्रकार) निवडायचं आणि नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवायचा. दुसरं, साफ केलेली फाइल परत चढवण्याआधी जुने नंबर गूगलमधून काढायचे. मी नाही काढले. अडीच हजाराचे जवळपास पाच हजार झाले, एका रात्रीत! मूळ फाइल वेगळी ठेवलेली होती म्हणून वाचलो.

परत येणाऱ्या नंबरांबद्दल अजून थोडं, कारण मर्ज कितीही केलं तरी ही नळी उघडी असेल तर पाणी येतच राहणार. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगलच्या आत कॉन्टॅक्ट्स सिंकचं पान आहे, तिथे "ऑल्सो सिंक डिव्हाइस कॉन्टॅक्ट्स" असं एक बटण असतं. ते चालू असलं की फोन आणि सिममधले नंबर आपोआप गूगल खात्यात चढतात. नवीन माणसासाठी चांगलं आहे, बॅकअप होतो, पण साफसफाई चालू असताना बंद ठेवा. फोन कंपनीचा क्लाउड आणि गूगल, दोन्हीकडे कॉन्टॅक्ट्सचं सिंक चालू असेल तर एक बंद. जुना फोन, जो पोरांना कार्टून बघायला दिलाय, त्यात तुमचं खातं असेल तर तिथलंही कॉन्टॅक्ट्सचं सिंक बघून घ्या. आणि डिलीट करायच्या आधी सिंक खरंच चालतंय का बघा, एक खोटा नंबर टाकून कॉम्प्युटरवर दिसतो का ते तपासा, एवढं केलं असतं तर आप्पांची ती संध्याकाळ वाया गेली नसती. काही नोंदी काढताच येत नाहीत, त्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपने यादीत जोडलेल्या असतात, त्यांच्यामागे लागू नका.

मग कोणी काय करावं? घरगुती माणूस, अँड्रॉइड, पाचशेच्या आत नंबर: सगळे एका गूगल खात्यात हलवा, मर्ज अँड फिक्स एकेक बघून, संपलं. घरात आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही: घर जीमेलच ठेवा. दुकान, अडत, दवाखाना: एक रविवार काढा, सीएसव्हीवाला रस्ता, नंतर दर दोन-तीन महिन्यांनी मर्ज. आणि ज्यांना जीमेल, पासवर्ड या भानगडीच नकोत, साधा माणूस आहे, त्याला फोनचं लिंक करणारं मर्ज पुरे, उगीच त्रास देऊ नका.

आप्पांचं मी असं केलं: दोन जीमेलपैकी जुनं काढलं, त्यातले नंबर नव्यात आणले, फोनमधले हलवले, आणि जिभाऊचे चारावरून दोन झाले. सिमवरचा काढायला गेलो तर आप्पांनी हातच धरला, "ऱ्हाऊ दे भो तेवढं, फोन पानीमां पडना तं?" साध्या सिममध्ये अडीचशेच्या आसपासच नंबर बसतात, नाव पण अर्धवट कापलं जातं, "जिभाऊ सुरत उधना" चं "जिभाऊ सुरत उ" होतं, हे सगळं मी सांगून बघितलं. आप्पा म्हणे, "माले कळस ना कोन शे ते." म्हणून त्यांच्या फोनमध्ये आजही जिभाऊ दोनदा आहे.