कॅनडातली मूलनिवासी मुलं: प्रांताची यंत्रणा की समाजाची स्वतःची?

प्रांताची बालसंरक्षण यंत्रणा धोका दिसला की मूल ताब्यात घेते. मारहाण होत असेल तर हा वेग हवाच. पण ‘दुर्लक्ष’ म्हणून नोंदलेलं बरंचसं प्रत्यक्षात दारिद्र्यच असतं. २०२१च्या जनगणनेत १५ वर्षांखालच्या मुलांत मूलनिवासी ७.७ टक्के, फॉस्टर केअरमध्ये (घरातून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलांत) मात्र ५३.८!

दुसरी वाट, म्हणजे समाजाची स्वतःची यंत्रणा, २०१९च्या संघीय कायद्यानं मोकळी केली. सस्कॅचेवानमधल्या काउएसेस या मूलनिवासी समाजानं बालसंरक्षणाचा स्वतःचाच कायदा केला. मूल कुठे ठेवायचं याचा संघीय कायद्यातला क्रम असा: आधी आईवडील, मग नातेवाईक, मग त्याच समाजातलं घर. केवळ गरिबीपोटी मूल काढता येत नाही (हे प्रांतांनाही लागू आहे, बरं का). खोट एकच, निधीची कायदेशीर हमी नाही. तरी माझं मत समाजाच्याच यंत्रणेला. पैसा मात्र ओटावानं, म्हणजे संघीय सरकारनं, आधी मोजावा.