एस्सिटालोप्रॅम (नैराश्य-चिंतेवरची गोळी) चालू असताना: ट्रामाडॉल की पॅरासिटामॉल?

विरार लोकलमध्ये लटकून कंबर धरली की केमिस्टकडून जी पट्टी मिळते, तिची मागची बाजू आधी वाचा. ‘ट्रामाडॉल ३७.५ मिग्रॅ + पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ’ असं असेल तर थांबा.

ट्रामाडॉल (तीव्र वेदनाशामक) मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवतं, एस्सिटालोप्रॅम किंवा त्याच गटातलं सर्ट्रालीनही तेच करतं. दोन्ही मिळून घाम, थरथर, जुलाब, पायांना झटके, ताप. बहुधा पहिल्या २४ तासांतच. फिट येण्याचा धोकाही वाढतो. याच गटातलं फ्लुओक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन असेल तर आणखी गंमत: ट्रामाडॉलला वेदनाशामक रूप देणारं यकृतातलं एन्झाइमच ती अडवतात. दुखणं तसंच, धोका मात्र पुरा. सोबत क्लोनाझेपाम (चिंता-झोपेसाठीची गोळी) असेल तर श्वास मंदावू शकतो.

नुसतं पॅरासिटामॉल यात बरंच सुरक्षित. ५०० मिग्रॅ, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर. यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. जोर कमी आहे, हे खरं. पण म्हणून डायक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाकडे वळू नका, एस्सिटालोप्रॅमसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

ट्रामाडॉल लागलंच, तर हाडांच्या डॉक्टरांना मनोविकाराच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. त्या गोळ्या परस्पर बंद करू नका.