उनपदेवची पायी सहल: नक्की जा, पण सकाळी लवकर निघायला लावा

जळगावच्या एका ग्रुपबरोबर डिसेंबरमधे अडावद गावापासून उनपदेवच्या गरम पाण्याच्या कुंडापर्यंत पायी जाऊन आले. पाचेक किलोमीटरचं अंतर, दमवणारा चढ नाही, सासूबाईंना सोबत नेलं होतं तर त्या सगळ्यांच्या पुढे.

उनपदेवला तसे सगळे गाडीनेच जातात, गोमुखाखाली हातपाय धुतले, दर्शन घेतलं की माघारी. पायी गेलं की ते पाणी नीट कळतं, आणि त्याचं श्रेय आमच्या गाईडदादांना. अडावद सोडल्यावर आधी काळी जमीन, दोन्ही बाजूला केळीच्या बागा, ड्रिपच्या नळ्या. तिथे त्यांनी एका शेतात चालू असलेल्या बोअरच्या पाण्यात सगळ्यांना हात धरायला लावले, म्हणाले ताई हे लक्षात ठेवा, पुढे काम आहे. मग सातपुडा जवळ येतो तशी माती पातळ होते नि पायाखाली गोटे-वाळू लागते. डोंगरावर पडलेला पाऊस इथेच जिरतो आणि खाली तापीकाठच्या विहिरींना पोचतो, केळी जगते ती यावर, हे त्यांनी तिथेच उभं राहून सांगितलं. इतकी वर्षं केळी खाते पण हे कोणी सांगितलं नव्हतं!

कुंडाशी गोमुखातून पाण्याची धार चालूच असते. बोटं धरली तर चटकाच बसला, बोअरचं पाणी आठवलं आणि अंगावर काटा आला. दादा म्हणाले, हे पाणी लाव्ह्यामुळे तापत नाही, आपल्याकडचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच थंड झाला, पण सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत खोल भेगा आहेत, पावसाचं पाणी त्यातून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं. हे सांगून झाल्यावर मग शरभंग ऋषींची गोष्ट, त्यांच्यासाठी रामाने बाण मारून गरम पाणी काढलं ती. दोन्ही तितक्याच मनापासून सांगितलं, एकाने दुसऱ्याला खोटं पाडलं नाही, मला हे फार आवडलं. शेजारी एक आजी नातवाच्या हातावरच्या चट्ट्यांवर तांब्याने हळूहळू पाणी सोडत होत्या. त्वचेच्या त्रासासाठी लांबून लोक येतात, पौषात यात्रा असते तेव्हा तर जास्तच. दादा त्यांना म्हणाले, आजी अंघोळ घाला पण डॉक्टरचं मलमही चालू ठेवा.

आता तक्रार. सातला निघायचं ठरलेलं, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत थांबत साडेआठ वाजवले, मग कुंडावर जेमतेम अर्धा तास मिळाला. ज्या जागेसाठी एवढं चालत गेलो तिथेच घाई, हे चुकीचंच आहे. थंडीत पहाटे गेलं तर वाफ दिसते म्हणतात, ती पण हुकली. आणि बायकांना ओले कपडे बदलायला आडोसा नव्हता, चार काठ्या आणि दोन चादरी आयोजकांना सहज नेता आल्या असत्या.

जेवण मात्र अफलातून, चुलीवरची कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, हिरव्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात, आणि वाढणाऱ्या मावशी पोट भरलं म्हटलं तरी ऐकत नव्हत्या.

पैसे वसूल आहेत, बुकिंग करताना निघायची वेळ पक्की करून घ्या. टॉवेल आणि जास्तीचा ड्रेस ठेवा, साबण-शाम्पूच्या पुड्या घरीच राहू द्या, कुंडाच्या कडेला त्यांचा कचरा दिसतोय आणि आमच्यातल्याच काहींनी त्यात भर टाकली.