सांगून शिकवावं की वागून दाखवावं?
‘थँक यू म्हण बघू!’ असं पाहुण्यांसमोर टोकलं की मूल शब्द उच्चारतं, पण नजर आईबाबांकडे. सूचनेचा फायदा एवढाच, की नेमकं काय बोलायचं ते कळतं. अगदी लहान मुलांना तेवढी मदत लागतेच. मात्र ती चारचौघांत नको, घरीच सांगून ठेवावं.

वागून दाखवणं संथ, तरी माझा कौल त्यालाच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहून अनेक मुलांनी तेच केलं, कुणी न शिकवता. म्हणजे मुलं वाईटही तितक्याच सहज उचलतात! म्हणून मुलाला माफी मागायला लावतो तसं, त्याच्यावर उगाच ओरडल्यावर आपणही त्याला ‘सॉरी’ म्हणायला हवं, आणि तेही मनापासून.